घरातील कामाची जागा : उजेड, हवा आणि बैठक

घर हे केवळ विश्रांतीचे स्थान आहे, ही कल्पना तशी अलीकडची आहे. भारतात शतकानुशतके घर हेच अनेक लोकांचे कामाचेही ठिकाण होते. विणकराचा माग घरातच असे. माग जमिनीवर आणि पाय खड्ड्यात, अशी त्याची बैठक असे. कुंभाराचे चाक अंगणात फिरे. वैद्य ओटीवर बसून नाडी पाही. महाराष्ट्रातील गावोगावचे कुलकर्णी गावचे दफ्तर रुमालात बांधून आपल्याच घरी ठेवीत, आणि सोप्यावर बसून हिशेब लिहीत. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपुष्टात आली आणि ते दफ्तर घराबाहेर गेले. पुढे कारखाने, कचेऱ्या आणि शाळा वाढल्या, तसे काम आणि घर एकमेकांपासून अधिकाधिक दूर होत गेले.

२०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली आणि ही दोन टोके अकस्मात पुन्हा एकत्र आली. कोट्यवधी विद्यार्थी आणि नोकरदार घरी बसून कामाला लागले. कोणी पलंगावर पालथे पडून, कोणी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून, तर कोणी जिन्याच्या पायरीवर बसून काम केले. तो काळ सरला, तरी घरून करावयाचे काम संपले नाही. शाळेचा अभ्यास, स्पर्धा-परीक्षांची तयारी, शिवणकाम, शिकवण्या, हिशेब आणि संगणकावरील नोकरी अशी अनेक कामे आज घरातच चालतात.

ही कामे ज्या कोपऱ्यात होतात, त्याचा परिणाम कामावर आणि शरीरावर होतो. वाईट बैठकीची तक्रार पाठ पहिल्या दिवशी करीत नाही, आणि अपुऱ्या उजेडाने डोळे एका रात्रीत थकत नाहीत. त्रास हळूहळू साचत जातो, आणि जाणवू लागतो तेव्हा सवय जडलेली असते. म्हणून कामाची जागा कशी असावी, हा शास्त्रीय विचाराचा विषय आहे. या विचाराला मोठे घर लागत नाही. दीड मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद एवढा कोपरा, एक मोजपट्टी आणि थोडे निरीक्षण पुरेसे होते.

दिवसाचा उजेड

प्रकाश मोजण्याच्या एककास लक्स म्हणतात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. आकाश पूर्ण ढगाळ असले तरी मोकळ्या मैदानात तो १०,००० लक्सच्या आसपास असू शकतो. पौर्णिमेच्या चांदण्यात मात्र तो अर्ध्या लक्सहूनही कमी असतो. मनुष्याचा डोळा या सर्व परिस्थितींत पाहू शकतो, पण पाहू शकणे आणि न थकता वाचू शकणे यांत अंतर आहे. नेहमीच्या वाचन-लेखनासाठी मेजावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असावा, असे सामान्यतः मानले जाते. सुईत दोरा ओवणे किंवा काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवणे यांसारख्या बारीक कामांना याहून अधिक प्रकाश लागतो.

बाहेर इतका विपुल प्रकाश असताना घरात ३०० लक्स मिळणे अवघड का जावे? खिडकीतून आत येतो तो बाहेरच्या प्रकाशाचा एक लहानसा अंश होय. युरोपातील प्रकाशगणिते ढगाळ आकाश गृहीत धरून केलेली होती. भारतात वर्षाचा बराच काळ आकाश निरभ्र असते, म्हणून रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत भारतीय आकाशाचा स्वतंत्र अभ्यास करण्यात आला. भारतीय गणितात सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असताना निरभ्र आकाशाकडून ८,००० लक्स प्रकाश मिळतो, असे धरतात. त्यात प्रत्यक्ष ऊन मोजलेले नसते. त्या प्रकाशाचा शंभरावा भाग मेजावर पोहोचला तर तेथे ८० लक्स मिळतील. ३०० लक्ससाठी बाहेरच्या प्रकाशाचा जवळजवळ पंचविसावा भाग आत आला पाहिजे, आणि तो सहसा खिडकीच्या अगदी जवळच मिळतो.

खिडकीचा उजेड खोलीत किती खोलवर जातो, हे तिच्या रुंदीपेक्षा तिच्या वरच्या कडेच्या उंचीवर अधिक अवलंबून असते. जमिनीपासून त्या कडेच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच उपयोगी उजेड पोहोचतो, असा एक ठोकताळा आहे. खिडकीचा वरचा भाग जाड पडद्याने किंवा माळ्याने झाकला, तर खोलीचा सर्वांत मोलाचा उजेड अडतो.

जागा योग्य आहे की नाही, हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा कोणत्याही शाळकरी मुलास करता येईल. काम करावयाच्या पृष्ठभागावर एक लहान आरसा आडवा ठेवावा आणि बाजूने त्यात पाहावे. आरशात आकाशाचा तुकडा दिसला तर त्या जागी आकाशाचा प्रकाश थेट येतो. केवळ समोरची भिंत किंवा छत दिसले तर तेथे परावर्तित प्रकाशावरच भागवावे लागेल. आरशात सूर्य येत असेल अशा वेळी मात्र ही परीक्षा करू नये, कारण त्याने डोळ्यांना इजा होऊ शकते.

परावर्तित प्रकाशही क्षुल्लक नसतो. पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते. गडद निळ्या किंवा तपकिरी भिंतीकडून त्याचा लहान भागच परत येतो. पांढरा चुना लावलेली भिंत म्हणजे एका परीने खोलीत बसविलेली दुसरी खिडकीच होय. वर्षातून एकदा सफेदी करण्याच्या जुन्या चालीत स्वच्छतेबरोबर हा लाभही होता.

मेज खिडकीशी काटकोनात ठेवावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास उजेड डावीकडून आणि डावखुऱ्यास उजवीकडून मिळावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. संगणकाचा पडदा खिडकीसमोर आला तर त्यात खिडकीचे प्रतिबिंब चकाकते. पडद्यामागे खिडकी आली तर डोळ्यांस प्रखर आकाश आणि मंद अक्षरे यांच्यामध्ये सतत जुळवून घ्यावे लागते. काटकोनाच्या मांडणीत हे दोन्ही दोष टळतात.

ऊन हवे, पण केव्हा?

उजेडाबरोबर उष्णताही येते. ती आवरण्याचे साधन म्हणजे छज्जा, आणि त्याचे गणित सूर्याच्या उंचीवर उभे आहे. दिल्लीत २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ३८ अंश वर असतो. २१ मार्चला तो ६१ अंशांवर येतो, आणि २१ जूनला ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर जातो. दक्षिणेकडील १.२ मीटर उंच खिडकीच्या लगेच वर ०.६ मीटर पुढे आलेला छज्जा असेल, तर मार्चच्या मध्यान्ही खिडकीचा वरचा १.१ मीटर भाग सावलीत राहतो. डिसेंबरमध्ये मात्र वरचा सुमारे ४७ सेंटिमीटर भागच सावलीत जातो, आणि उरलेल्या भागातून हवेहवेसे ऊन आत येते. कोणतेही यंत्र नसताना एकच छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवितो आणि हिवाळ्यात आत घेतो.

दक्षिणेकडील प्रदेशात हे चित्र थोडे बदलते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस उन्हाळ्यात काही काळ मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. नागपूर येथे जूनमध्ये हे झुकणे दोन-अडीच अंशांचे, तर चेन्नई येथे सुमारे १० अंशांचे असते. चेन्नईत साधारणतः एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ही स्थिती राहते. म्हणून उत्तरेची खिडकी नेहमीच थंड, हा नियम दक्षिण भारतात तंतोतंत लागू पडत नाही.

खरी अडचण पश्चिमेच्या खिडकीची असते. तिसऱ्या प्रहरी सूर्य खाली उतरतो आणि त्याचे किरण छज्जाखालून सरळ मेजापर्यंत येतात. येथे उभी फळी, झाड, जाळी किंवा बांबूच्या कामट्यांची चीक उपयोगी पडते. केरळात दीर्घकाळ राहिलेले वास्तुकार लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळीच्या भिंती बांधून उजेड आणि वारा आत घेतला आणि प्रखर ऊन बाहेर ठेवले. चीक शक्यतो काचेच्या बाहेर लावावी. ऊन एकदा काचेतून आत आले म्हणजे त्याची उष्णता खोलीतच अडकते. मग आतला पडदा डोळ्यांचे रक्षण करतो, पण खोली तापतेच.

रात्रीचा दिवा

सूर्यास्तानंतर बहुतेक घरांत छताचा एकच दिवा लावून सर्व कामे होतात. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ९०० ल्युमेन प्रकाश देतो. हा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरले, आणि दिवा मेजापासून १.८ मीटर उंचीवर असला, तर मेजावर थेट मिळणारा प्रकाश अवघा २२ लक्स भरतो. भिंती पांढऱ्या असल्या तर त्यात परावर्तनाची भर पडते, तरीही तो ३०० लक्सपासून फार दूर राहतो.

आता ४५० ल्युमेनचा, म्हणजे याच्या निम्म्या शक्तीचा दिवा घेऊ. त्यावर खालच्या बाजूसच प्रकाश टाकणारी टोपी बसवून तो मेजापासून ४५ सेंटिमीटरवर ठेवला, तर त्याच्या खाली सुमारे ३५० लक्स प्रकाश मिळतो. निम्म्या विजेत थेट उजेड जवळजवळ सोळापट झाला! त्याची कारणे दोन. टोपीने वाया जाणारा प्रकाश खाली वळविला, आणि अंतर कमी झाले. बिंदूसारख्या दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो.

मेजावरचा दिवा लावला तरी खोली पूर्ण अंधारी करू नये. उजळ वही आणि भोवतालचा काळोख यांच्यामध्ये दृष्टी सारखी ये-जा करीत राहते, आणि त्याने डोळे शिणतात. छताचा मंद दिवा आणि मेजाचा जवळचा दिवा ही जोडी उत्तम. दिव्याची टोपी अशी असावी की बसलेल्या माणसास दिवा स्वतः दिसू नये, केवळ त्याचा प्रकाश दिसावा.

डोळ्यांच्या विश्रांतीचाही विचार केला पाहिजे. जवळचे पाहताना डोळ्यातील स्नायू भिंगाचा आकार बदलून धरतात. सहा मीटरपलीकडे पाहिले म्हणजे ते सैल होतात. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझापही कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी क्षणभर दूरच्या झाडाकडे किंवा गच्चीकडे पाहावे. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निरनिराळ्या देशांतील संशोधनातून दिसून आली आहे. जी मुले दिवसाचा अधिक वेळ मोकळ्या उजेडात घालवितात, त्यांच्यात ऱ्हस्वदृष्टीचे प्रमाण कमी आढळते. अभ्यासाची उत्तम खोली मैदानाची जागा घेऊ शकत नाही.

बैठक

प्रौढ माणसाचे डोके साडेचार ते पाच किलोग्रॅम वजनाचे असते. ते मानेच्या मणक्यांवर सरळ तोललेले असते, तेव्हा स्नायूंस फारसे कष्ट पडत नाहीत. मान पुढे झुकली की हेच वजन आधारापासून दूर जाते. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर सहज नेता येते, पण तीच हात लांब करून धरली तर क्षणात जड होते. वाकून वाचणाऱ्याच्या मानेचे स्नायू तासन्‌तास अशी लांब धरलेली कळशी पेलत असतात.

पेढ्यांवरील दिवाणजी आणि मुनीम गादीवर मांडी घालून बसत आणि समोर उतरत्या फळीचे लाकडी डेस्क ठेवीत. त्या उतरत्या फळीमुळे कागद डोळ्यांकडे उचलला जाई आणि मान कमी झुके. पाठीशी लोड असे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे, जेथे महात्मा गांधी १९३६ पासून राहू लागले, त्या बापू कुटीतही खुर्ची-मेजाचा थाट नाही. मातीच्या भिंती, चटईची बैठक आणि समोर बुटके डेस्क एवढ्या सामग्रीत देशभरचा पत्रव्यवहार चाले. जमिनीवरील बैठक कमी दर्जाची नव्हे. गुडघे सहज सामावतील असे डेस्क, पाठीस टेकण आणि मधून मधून उठण्याची सवय एवढ्या अटी मात्र पाळाव्या लागतात.

खुर्ची-मेज वापरावयाचे असेल तर मापे स्वतःच्या शरीराची घ्यावीत. बाजारातील मेज साधारणतः ७५ सेंटिमीटर उंच असते. ते सर्वांना सारखे सोयीचे होत नाही. भारतीयांच्या शरीराची मापे परदेशी कोष्टकांहून वेगळी आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांनी तयार केलेला भारतीय शरीरमापांचा ग्रंथ याच कारणासाठी प्रसिद्ध केला. घरच्या घरी तीन मापे पुरतात. बसल्यावर तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. दंड सैल सोडून कोपर वाकविले असता मेजाचा पृष्ठभाग कोपराच्या पातळीस किंवा किंचित वर असावा. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा थोडी खाली, आणि पडदा हातभर अंतरावर असावा. खुर्ची उंच असून पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली लाकडी पाट ठेवावा. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकत्र जोडलेले असल्याने दोहोंची उंची एकदम साधत नाही. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून कळफलक वेगळा जोडला म्हणजे ही अडचण दूर होते.

उत्तम बैठक सापडली तरी तिच्यात खिळून राहू नये. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात पाठीच्या कण्यातील चकत्यांमधील दाब प्रत्यक्ष मोजला आणि बसण्यात तो उभे राहण्यापेक्षा अधिक असतो, असे सांगितले. जर्मनीतील विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आरामात टेकून बसलेल्या माणसाच्या चकत्यांवरील दाब उभ्या माणसाहून अधिक आढळला नाही. विज्ञानात नवे माप जुन्या निष्कर्षास असे दुरुस्त करते. व्यवहारापुरता बोध असा की सर्वकाळ योग्य अशी एकच बैठक नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाणी प्यावे, चार पावले चालावे आणि मग पुन्हा बसावे.

हवा

एक माणूस शांत बसून काम करीत असता तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड वायू उच्छ्वासातून बाहेर टाकतो. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३ मीटर असलेल्या खोलीत २७,००० लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारे ४२० भाग आहे. खोलीस कोणतीही फट नाही असे धरले, तर एका माणसामुळे दर तासाला त्यात सुमारे ६६७ भागांची भर पडेल आणि दोन तासांत प्रमाण १,७५० भागांपर्यंत जाईल. माणसे दोन असली तर तेवढे होण्यास एकच तास पुरेल. प्रत्यक्षात दारे-खिडक्यांच्या फटींतून हवा थोडीफार बदलते. पण वातानुकूलन यंत्र लावून सर्व बंद केलेल्या खोलीत दुपारी जांभया का येतात, याचा काही उलगडा या हिशेबाने होतो. घरगुती वातानुकूलन यंत्र बहुधा खोलीतील हवाच पुन्हा पुन्हा थंड करते. ती नवी नसते.

एका खिडकीपेक्षा समोरासमोरच्या दोन उघड्या जागा अधिक उपयोगी, कारण वाऱ्यास येण्याइतकीच जाण्याचीही वाट लागते. दुसरी खिडकी नसेल तर दार किंवा दारावरचा झरोका उघडा ठेवावा. पंख्याने खोलीचे तापमान उतरत नाही. तो घाम वेगाने सुकवितो, म्हणून गारवा वाटतो. खोलीत कोणी नसताना पंखा चालू ठेवण्यात काहीच लाभ नाही. जुना छतपंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो आणि नवा, कमी विजेवर चालणारा, सुमारे ३० वॅट. दिवसा ८ तास चालविल्यास पहिला ०.६ युनिट आणि दुसरा ०.२४ युनिट वीज खातो.

विदर्भात आणि उत्तर भारतात उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदे लावण्याची रीत आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना हवेतून सुमारे २४ लक्ष जूल, म्हणजे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेते. परंतु हा उपाय कोरड्या हवेचा आहे. कोकण, गोवा किंवा कोलकाता येथील दमट हवेत पाणी सहजी उडत नाही. तेथे ओला पडदा केवळ ओल वाढवितो.

आवाज, वीज आणि ओल

भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. पुष्कळ शहरांत रस्त्यालगतच्या घरांस याहून अधिक आवाज सोसावा लागतो. आवाज पाण्यासारखा फटीतून शिरतो. दार जाड असले आणि त्याखाली बोटभर फट राहिली, तर जाडीचा उपयोग बराच कमी होतो. त्या फटीशी जुन्या कापडाची गुंडाळी ठेवावी. पुस्तकांनी भरलेले कपाट, सतरंजी आणि जाड पडदा यांनी खोलीतला घुमणारा आवाज मंदावतो. येथे एक पेच पडतो. खिडकी उघडावी तर गोंगाट येतो, आणि मिटावी तर हवा कोंडते. अशा वेळी कामाचे वेळापत्रकच उपयोगी पडते. एकाग्रतेचे काम पहाटे, खिडक्या उघड्या ठेवून करावे, आणि यांत्रिक काम गजबजीच्या वेळी.

घरातील साध्या खटक्याच्या विजेच्या जोडणीची क्षमता ६ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टवर १,३८० वॅट असते. लॅपटॉप, दिवा आणि पंखा मिळून त्याचा लहान भागच घेतात. पण त्याच जोडपट्टीवर इस्त्री आणि पाणी तापविण्याचे साधन लावले तर तार तापते. तीन पिनांचे साधन दोन पिनांत बसविण्यासाठी भूमिजोडणीची पिन तोडणे तर जीवावर बेतू शकते. तारा पायांत येणार नाहीत अशा रीतीने भिंतीलगत न्याव्यात.

पावसाळ्यात पुस्तके आणि कागद यांचा शत्रू म्हणजे ओल. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवर बराच काळ राहिली की बुरशीस अनुकूल स्थिती येते. कपाट भिंतीस चिकटवू नये. मागे चार-पाच सेंटिमीटर जागा सोडावी आणि पुस्तके खच्चून भरू नयेत, म्हणजे हवा खेळती राहते.

शोभा

नीटनेटकेपणा ही कामाच्या जागेची पहिली शोभा होय. रोज लागणाऱ्या वस्तू हाताच्या टप्प्यात, आठवड्यातून लागणाऱ्या फळीवर आणि क्वचित लागणाऱ्या पेटीत, एवढा नियम पाळला तरी मेज मोकळे राहते. भिंतींस फिका रंग द्यावा आणि एखादी गडद वस्तू ठेवावी. ती मधुबनीचे किंवा वारलीचे चित्र असेल, संबळपुरी पडदा असेल किंवा सोलापुरी चादर असेल. कुंडीतील एक रोप डोळ्यांस सुखविते. मात्र रोपे खोलीतील हवा शुद्ध करतात, हा समज तपासून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या १९८९ च्या प्रयोगातून तो पसरला. ते प्रयोग बंद पेट्यांत झालेले होते. २०१९ मध्ये झालेल्या फेरतपासणीत असे दिसले की, नेहमीच्या खोलीत हवेची जी अदलाबदल आपोआप होते, तिच्यापुढे काही कुंड्यांचा परिणाम नगण्य असतो. रोप अवश्य ठेवावे, पण खिडकीही उघडावी.

एक उदाहरण

समजा, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर आहे आणि चार माणसांचे कुटुंब त्यात राहते. बाहेरच्या खोलीस पश्चिमेची एकच खिडकी आहे. मुलगी दहावीत शिकते, आणि आई साड्यांना फॉल लावण्याचे काम घरी आणते. मुलगी पलंगावर बसून वाचते. आई आतल्या खोलीत छताच्या दिव्याखाली शिवते, कारण ‘तिचे काम कुठेही होते’ असे घरात सर्वांनी गृहीत धरलेले आहे. वस्तुतः घरातील सर्वांत बारीक काम तिचेच, आणि उजेड सर्वांत कमी तिलाच.

या घरास नवी खोली लागत नाही. दूरचित्रवाणीचा संच खिडकीजवळून आतल्या भिंतीकडे सरकविला, तर खिडकीच्या बाजूस मेजापुरता कोपरा रिकामा होतो. मेज खिडकीशी काटकोनात लावावे आणि खिडकीबाहेर बांबूची चीक टांगावी. खिडकीवरचा झाकलेला भाग मोकळा करावा आणि बाजूच्या भिंतीस पांढरा रंग द्यावा. मेजावर टोपीचा एक दिवा आणि पायांखाली एक पाट ठेवावा. सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर ती जागा आईची. दुपारी चीक सोडून, आणि संध्याकाळी दिवा लावून, ती मुलीची. हे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवावे, म्हणजे ‘जागा कोणाची’ हा प्रश्न रोज नव्याने उभा राहणार नाही. या सर्व फेरफारात दिव्याचा आणि चिकेचा खर्च तेवढा नवा. बाकी सारा बदल विचाराचा.

सुरुवात मोजण्यापासून करावी. शाळेतील विद्यार्थ्यांनी आपापल्या घराचा आराखडा काढावा, आणि खिडक्यांच्या दिशा होकायंत्राने ठरवाव्यात. आरशाची परीक्षा घ्यावी, आणि एका रविवारी सकाळपासून सायंकाळपर्यंत ऊन कोठे कोठे फिरते याची खडूने नोंद करावी. मग त्या आराखड्यावर घरातील प्रत्येक माणसाचे नाव लिहून, तो कोणते काम कोठे आणि किती वेळ करतो, ते टिपावे. बहुतेक घरांत असे आढळेल की उजेडाची जागा वस्तूंनी व्यापलेली आहे आणि माणसे अंधारात काम करीत आहेत. वस्तू हलविणे सोपे असते. त्या हलवून घरातील सर्वांत कष्टाळू माणसास खिडकीजवळ जागा करून दिली, तर या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.